लाईट आली, नेट आलं, तरी लिनक्सवर डोमेन लॉगिन का होत नाही?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात लाईट जाऊन आली की थोड्या वेळात फोन येतोच.

"सर, उबुंटूवाली मशीन आत घेत नाहीयेत. पासवर्ड बरोबरच टाकतोय."

"नेट चालू आहे का?"

"नेट एकदम मस्त. युट्यूबसुद्धा चालतंय. फक्त लॉगिन तेवढं होत नाही."

शेवटच्या वाक्यात निम्मं निदान आहे. युट्यूब चालतंय म्हणजे केबल, स्विच, आयपी पत्ता, गेटवे सगळं जागेवर आहे. शिवाय युट्यूबचं नाव सापडतंय, म्हणजे कुठला तरी डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) उत्तरं देतोय. तो सर्व्हर कंपनीचा आहे की बाहेरचा, हे कोणी बघत नाही. मशीन रीस्टार्ट होतं, लॉगिन होतं, विषय मिटतो आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तोच फोन.

नाशिकमधल्या बऱ्याच मध्यम कारखान्यांत चित्र साधारण एकसारखं असतं. ऑफिसात विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी. ती चालवणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर, ज्याला सगळे डीसी म्हणतात. डिझाइन किंवा क्वालिटी विभागात उबुंटूची काही मशीन, ती एसएसएसडी (लिनक्सवर डोमेनच्या खात्यांनी लॉगिन करून देणारी सेवा) वापरून डोमेनला जोडलेली. इंटरनेटसाठी फायबरवाल्याचं मॉडेम. सिन्नरला दुसरं युनिट असेल तर मधे व्हीपीएन. पुढचं सगळं अशा मांडणीला धरून लिहिलंय. डिरेक्टरी ओपनएलडॅप किंवा फ्रीआयपीए असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

आधी कोण आत जातंय ते विचारा

फोनवर असतानाच विचारायचा प्रश्न: कोणालाच लॉगिन होत नाही, की काहींना होतं? उत्तर बहुतेक वेळा असं येतं की जुने लोक आत जातात, नवीन ट्रेनी अडकतो. किंवा त्या मशीनवर रोज बसणारा आत जातो, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस तिथे बसला की अडकतो.

हे लक्षण दिसलं की पासवर्डचा विषय बंद करा. एसएसएसडीला डीसी सापडला नाही की तो ऑफलाइन होतो आणि पूर्वी त्याच मशीनवर लॉगिन केलेल्यांना साठवलेल्या माहितीवरून आत सोडतो. त्यासाठी सेटिंगमध्ये कॅश-क्रेडेन्शियल्स चालू असावं लागतं. रिएल्म जॉइनने डोमेन जोडलं असेल तर ते सहसा चालूच असतं. ज्याने त्या मशीनवर कधीच लॉगिन केलं नाही, त्याची साठवण नाही, म्हणून तो बाहेर. आत गेलेल्यालाही कर्बेरॉसचं तिकीट, म्हणजे डीसीने दिलेला ओळखीचा पास, मिळालेलं नसतं, त्यामुळे शेअर्ड फोल्डर उघडताना पासवर्ड मागितला जातो. "लॉगिन झालं पण ड्रॉइंगचा फोल्डर उघडत नाही" ही तक्रार म्हणजे याच आजाराचं दुसरं लक्षण. ती वेगळी तक्रार म्हणून नोंदवू नका.

यात एक भर हमखास पडते. कोणीतरी घाईत डीसीवर जाऊन त्या माणसाचा पासवर्ड बदलून देतं. मशीन तर ऑफलाइन आहे, त्याला नवा पासवर्ड कळणार कसा? साठवण जुन्या पासवर्डचीच असते. आता जुना टाकला तर लॉगिन होतं, नवा टाकला तर होत नाही, आणि माणूस शपथेवर सांगतो की सर्व्हरच बिघडलाय. तेव्हा मशीन ऑनलाइन आहे हे बघितल्याशिवाय पासवर्डला हात लावू नका.

आणि त्याहून महत्त्वाचं: मशीन ऑफलाइन असताना एसएसएसडीची साठवण पुसू नका. नेटवर शोधलं की पहिला सल्ला तोच मिळतो, व्हार-लिब-एसएसएस-डीबी फोल्डर रिकामा करा आणि सेवा रीस्टार्ट करा. डीसी सापडत नसताना हे केलं तर जे आत जात होते तेही बाहेर. नाव सापडायला लागलं, एसएसएसडी ऑनलाइन आला, मग हवी तर साठवण पुसा. तोवर पुसण्याची गरजही उरलेली नसते.

लॉगिनला नाव कशाला लागतं

माणूस फक्त युजरनेम आणि पासवर्ड टाकतो, त्यामुळे मधे नावं शोधण्याची एवढी धावपळ होते हे लक्षात येत नाही. एसएसएसडी आधी विचारतो की या डोमेनसाठी एलडॅप (खात्यांची माहिती देणारी सेवा) कोण चालवतं, कर्बेरॉस कोण चालवतं. ही चौकशी एसआरव्ही नोंदींची असते, म्हणजे कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदींची. उत्तरात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट मिळतो: एलडॅपसाठी ३८९, कर्बेरॉससाठी ८८. मग त्या सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता. मग त्याच नावाने तिकीट. एन्क्रिप्टेड जोडणी असेल तर सर्टिफिकेटवरचं नावही त्याच्याशी जुळायला हवं.

म्हणून "नाव सापडत नाही ना, मग आयपी टाकून देऊ" हा उपाय अर्धवट ठरतो. कर्बेरॉसला नाव हवं, सर्टिफिकेटला नाव हवं. होस्ट्स फाइलमध्ये डीसीची ओळ घातली तर नाव-पत्त्याचा प्रश्न सुटतो, पण एसआरव्ही नोंदी होस्ट्स फाइलमध्ये लिहिताच येत नाहीत. एसएसएसडीच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव हाताने दिलं असेल तर हे जुगाड चालतं. वर्षभराने डीसीचा आयपी बदलला की त्या ओळीचा पत्ता लावायला अर्धा दिवस जातो, कारण तोवर ती कोणी घातली हेच कोणाला आठवत नाही.

तपासणी कुठून सुरू करायची

पिंगवर विसंबू नका. पिंग आणि गेटेंट हे एनएसस्विच फाइलमध्ये होस्ट्सच्या ओळीवर जे लिहिलंय त्या क्रमाने विचारतात: आधी होस्ट्स फाइल, मग एमडीएनएस (सर्व्हरशिवाय शेजारची उपकरणं शोधायची पद्धत), मग रिझॉल्व्ह किंवा डीएनएस. एसएसएसडी त्या ओळीप्रमाणे चालत नाही. तो सी-एरेस नावाची स्वतःची लायब्ररी वापरतो, होस्ट्स फाइल बघतो आणि मग ईटीसीमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये जे नेमसर्व्हर आहेत त्यांना सरळ विचारतो. त्यामुळे पिंगला डीसी सापडतोय आणि एसएसएसडीला सापडत नाही असं खुशाल होऊ शकतं. उलटही होतं. या कामात डिग जवळचा, कारण तोही रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधल्या सर्व्हरलाच विचारतो. फक्त डिग आपणहून सर्च डोमेन जोडत नाही, म्हणून नाव पूर्ण द्या.

पहिली कमांड डिग. प्रकार एसआरव्ही द्या आणि नाव द्या: अंडरस्कोअर एलडॅप, डॉट, अंडरस्कोअर टीसीपी, डॉट, तुमचं डोमेन. उत्तराच्या डोक्यावर स्टेटस असतो आणि तळाला सर्व्हर कोण हे असतं. या दोन ओळी सोडून बाकीचं सध्या वाचू नका.

स्टेटस नोएरर आणि खाली डीसीचं नाव आलं, तर नावांचा प्रश्न नाही, दुसरीकडे बघा. एनएक्सडोमेन आलं तर कोणीतरी ठामपणे सांगतंय की असं नावच नाही. आता तो कोण हे तळाच्या ओळीत बघा. काहीच न येता वेळ संपली, तर सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही किंवा तो बंद आहे. नोएरर आहे पण उत्तर रिकामं, हा चौथा प्रकार. एसआरव्ही विचारल्यावर तो आला तर त्या सर्व्हरच्या झोनमध्ये ती नोंदच नाही. एसआरव्ही नीट येते, पण डीसीचा आयपी विचारला की रिकामं येतं, असं असेल तर वाटेतल्या राउटरवर संशय घ्या. काही राउटर खाजगी पत्ते असलेली उत्तरं सुरक्षेच्या नावाखाली गाळून टाकतात. डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्राम वापरणाऱ्या राउटरमध्ये हे रीबाइंड संरक्षण असतं आणि तुमच्या डोमेनला त्यातून सूट द्यावी लागते.

तळाच्या ओळीत १२७.०.०.५३ दिसलं तर तो मधला माणूस आहे, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड. उबुंटूवर १८.०४ पासून आणि फेडोरावर ३३ पासून तो आपोआप असतो. त्याच्या मागे खरा सर्व्हर कोण हे बघायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस चालवा. त्यात प्रत्येक नेटवर्क कार्डाखाली डीएनएस सर्व्हर्सची यादी असते आणि तिच्या वर एक ओळ असते, करंट डीएनएस सर्व्हर.

लाईट जाऊन आलेल्या मशीनवर ही ओळ वाचा. बहुतेकदा चित्र असं असतं: यादीत पहिला १९२.१६८.१०.५, म्हणजे डीसी, दुसरा ८.८.८.८. आणि करंटसमोर ८.८.८.८.

दोन नंबरचा डीएनएस

दर वेळी उलटून येणाऱ्या या बिघाडाचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. यादी भरणाऱ्याच्या मनात हिशोब सरळ असतो: पहिला डीसी, तो बंद पडला तर दुसरा गुगलचा, म्हणजे निदान नेट तरी चालेल. पण डीएनएस यादीत दुसरा सर्व्हर पहिल्याच्या *गप्प* राहण्यावर काम करतो, "नाही" म्हणण्यावर नाही. पहिल्याने वेळेत उत्तरच दिलं नाही, तर दुसऱ्याला विचारलं जातं. ज्याला विचारलं त्याने "असं नाव नाही" म्हटलं, तर ते पूर्ण उत्तर. पुढे कोणालाही विचारलं जात नाही.

नाशिकरोड स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला तुमच्या कंपनीतलं टूलरूम कुठे आहे असं विचारलं तर तो म्हणेल, असं काही नाही इथे. तो खोटं बोलत नाही. तुम्ही चुकीच्या माणसाला विचारलंत. ८.८.८.८ ला तुमच्या आतल्या डोमेनबद्दल विचारणं तसंच आहे.

आता लाईट गेल्यावर घडतं काय? डेस्कटॉप आणि स्विच मिनिटभरात उठतात. सर्व्हरला वेळ लागतो. विंडोज सर्व्हर उठून त्याची डीएनएस सेवा उत्तरं द्यायला लागेपर्यंत काही मिनिटं जातात. त्या काळात उबुंटूने डीसीला विचारलं, तो गप्प. रिझॉल्व्हडने ८.८.८.८ धरला. रिझॉल्व्हडच्या लेखी एका कार्डावरचे सगळे सर्व्हर सारखेच, सगळ्यांना सगळं माहीत असणारच. म्हणून एकदा दुसरा धरला की तो चालतोय तोपर्यंत धरूनच ठेवतो. पहिला उठला का, हे वळून बघत नाही. ८.८.८.८ काही बंद पडत नाही. त्यामुळे डीसी जागेवर येऊन तास उलटला तरी मशीन बाहेरच विचारत बसतं आणि दर वेळी एनएक्सडोमेन घेऊन येतं.

जुन्या पद्धतीच्या मशीनवर, म्हणजे जिथे रिझॉल्व्हड मधे नाही आणि लिनक्सची मूळ लायब्ररी जीलिबसी सरळ रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ वाचते, तिथे वागणं वेगळं. प्रत्येक चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. डीसी बंद असताना प्रत्येक नावाला ५ सेकंद थांबा, मग दुसरा. त्यामुळे सगळं रेंगाळतं. पण डीसी आला की लगेच सुरळीत. एकाच ऑफिसात सेंटओएस ७ चं मशीन आपोआप सुधारतं आणि शेजारचं उबुंटू अडकून राहतं, ते यामुळे. दोन्हीकडची यादी एकच, आणि ती दोन्हीकडे चुकीचीच.

वर एसएसएसडीची स्वतःची गंमत. ऑफलाइन झाल्यावर तो पुन्हा प्रयत्न करतो, पण दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत जातो. सुरुवात ६० सेकंदांपासून, आणि मूळ सेटिंगप्रमाणे कमाल ३६०० सेकंद, म्हणजे तास, वर थोडी इकडेतिकडे भर. नावं सापडायला लागल्यावरही तासभर मशीन ऑफलाइनच दिसू शकतं. "जेवण करून आलो तर आपोआप चालू झालं होतं" ही गोष्ट त्यातून येते. थांबायचं नसेल तर एसएसएसडीच्या प्रक्रियेला युएसआर-२ सिग्नल पाठवा, तो लगेच ऑनलाइन व्हायचा प्रयत्न करतो. युएसआर-१ उलट, मुद्दाम ऑफलाइन पाठवतो. घाईत दोन्हींची अदलाबदल करू नका.

शॉप फ्लोअरवरच्या पोरांनी यावर स्वतःचा इलाज शोधलेला असतो: लॅनची केबल काढून परत घालायची. हसू नका, तो खरंच लागू पडतो. केबल निघाली की कार्डाची डीएनएस यादी पुसली जाते, परत घातली की नव्याने भरते, आणि रिझॉल्व्हड पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे डीसीपासून सुरू करतो. नेटवर्कमधला बदल एसएसएसडीलाही कळतो आणि तोही ऑफलाइनचा शिक्का काढून पुन्हा प्रयत्न करतो. इलाज बरोबर, पण रोग तिथेच. शिवाय रोज ओढून त्या सॉकेटची पट्टी तुटते, मग खरोखरच नेट जातं.

यादीत तो दुसरा येतो कुठून

मशीनवर कोणी हाताने टाकला असेल तर सोपं. बहुतेक वेळा तो डीएचसीपीकडून, म्हणजे मशीनना आयपी पत्ता आणि डीएनएस वाटणाऱ्या सेवेकडून येतो. डीएचसीपी चालवणाऱ्या राउटरवर किंवा सर्व्हरवर डीएनएसच्या दोन चौकटी असतात. दुसरी रिकामी ठेवायला माणसाला कसंतरी वाटतं, म्हणून ८.८.८.८ नाहीतर १.१.१.१ भरला जातो. हे एका जागी दुरुस्त होतं.

सहज न दिसणारी वाट आयपीव्ही६ ची. कंपनीने आयपीव्ही६ वापरायचं ठरवलेलंच नसतं, पण फायबरचं मॉडेम आपणहून राउटर जाहिराती सोडतं आणि त्यांतून स्वतःला डीएनएस सर्व्हर म्हणून पुढे करतं. उबुंटू ते मुकाट्याने घेतो. तुम्ही आयपीव्ही४ च्या खान्यात फक्त डीसी भरलेला असतो आणि छातीठोकपणे सांगता की यादीत एकच सर्व्हर आहे. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये मात्र खाली एफई८० ने सुरू होणारा पत्ता बसलेला असतो. डीएनएस हाताने भरूनही बिघाड परत येत असेल तर आधी ही ओळ शोधा.

लॅपटॉपवर तिसरी शक्यता. लॅन कंपनीचं, पण वायफाय पाहुण्यांच्या नेटवर्कवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दोन कार्डं, दोन याद्या. रिझॉल्व्हड दोन्हीकडे एकाच वेळी विचारू शकतो आणि होकार कोणाकडून आला तर तो घेतो, त्यामुळे लॅन धड असेपर्यंत चालून जातं. लॅन ढेपाळलं की फक्त हॉटस्पॉट उरतो आणि तो नाही म्हणतो.

दुरुस्ती

नियम एकच: डोमेनला जोडलेल्या मशीनच्या यादीत तेच सर्व्हर असावेत ज्यांना आतली नावं माहीत आहेत. सगळे किंवा एकही नाही. बाहेरची नावं डीसीनेच शोधून द्यावीत. त्याच्या डीएनएस सेवेत फॉरवर्डर म्हणून, म्हणजे स्वतःला माहीत नसलेलं नाव पुढे ज्याला विचारायचं तो म्हणून, ८.८.८.८ टाका. तिथे तो योग्य जागी आहे.

डीएचसीपीमध्ये दुसरी चौकट रिकामी ठेवा, किंवा दुसरा डीसी असेल तर त्याचा पत्ता द्या. मशीनवरच बदल करायचा असेल तर नेटवर्कमॅनेजरमध्ये एनएमसीएलआयने त्या जोडणीच्या आयपीव्ही४ विभागात डीएनएस म्हणून डीसी आणि डीएनएस-सर्च म्हणून डोमेन द्या. मग आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही विभागांत इग्नोर-ऑटो-डीएनएस यस करा. आयपीव्ही६ चा विसरलात तर मॉडेम पुन्हा घुसेल. नेटप्लॅनवाल्या सर्व्हरवर डीएचसीपी ओव्हरराइडमध्ये यूज-डीएनएस बंद करता येतं. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल हाताने बदलू नका. रिझॉल्व्हड असेल तिथे ती रन फोल्डरातल्या फाइलकडे जाणारी लिंक असते आणि तुमची ओळ पुढच्या बूटला गायब होते. तिला बदलता न येण्याची खूण लावून कुलूप घालणारेही आहेत. त्यांच्या मागून येणाऱ्या माणसाचे हाल विचारू नका.

"मग डीसी बंद पडला तर अख्ख्या ऑफिसचं नेट बंद" असं मालक म्हणतात, आणि ते खरं आहे. यावर उत्तर म्हणजे दुसरा डीसी. तो परवडत नसेल तर मधे एक छोटा फॉरवर्डर बसवा, अनबाउंड किंवा डीएनएसमास्क, कुठल्याही जुन्या मशीनवर. त्याला सांगायचं: आतल्या डोमेनचं काही आलं तर फक्त डीसीला विचार, बाकी सगळं बाहेर. डीएनएसमास्कमध्ये हे सर्व्हरच्या एका ओळीत होतं, दोन तिरक्या रेघांमध्ये डोमेन आणि पुढे डीसीचा पत्ता. सगळ्या मशीनना या फॉरवर्डरचाच पत्ता द्या. डीसी बंद असताना नेट चालतं, आतलं नाव विचारलं तर उत्तर मिळत नाही, पण "असं नावच नाही" हे खोटं उत्तरही मिळत नाही. डीसी उठला की सुरळीत. सिन्नरसारख्या व्हीपीएनवरच्या युनिटला तर हा फॉरवर्डर हवाच, कारण तिथे डीसीपेक्षा व्हीपीएनच जास्त वेळा पडतं. अनबाउंडमध्ये डीएनएससेक तपासणी (उत्तरावरची डिजिटल सही बघणं) चालू असेल तर आतल्या डोमेनला डोमेन-इनसिक्युअर म्हणून सूट द्या, नाहीतर सही नाही म्हणून खरं उत्तरही फेकलं जाईल.

रिझॉल्व्हडच्या राउटिंग डोमेनने हे मशीनवरच होईल असं काहींना वाटतं. डोमेनच्या आधी टिल्डची खूण लावली की त्या डोमेनचे प्रश्न ठराविक कार्डाकडे जातात. *कार्डाकडे*, सर्व्हरकडे नाही. डीसी आणि ८.८.८.८ एकाच कार्डाच्या यादीत असतील तर याने काहीच फरक पडत नाही. व्हीपीएनचं कार्ड वेगळं असतं, तिथे हा उपाय उत्तम.

डॉट लोकलवाल्यांसाठी वेगळं

ज्यांच्या डोमेनच्या शेवटी डॉट लोकल आहे त्यांना यादी सुधारूनही त्रास राहू शकतो. पूर्वी विंडोज सर्व्हर बसवताना हे नाव सर्रास दिलं जायचं. पण २०१३ साली आरएफसी ६७६२ ने डॉट लोकल हे शेपूट एमडीएनएससाठी राखून ठेवलं, म्हणजे प्रिंटर वगैरे एकमेकांना सर्व्हरशिवाय शोधतात त्यासाठी. रिझॉल्व्हड ते पाळतो: डॉट लोकलची नावं डीएनएस सर्व्हरकडे पाठवतच नाही, जोपर्यंत ते डोमेन त्या कार्डावर सर्च किंवा राउटिंग डोमेन म्हणून स्पष्ट लिहिलेलं नसतं. वर डीएनएस-सर्च द्यायला सांगितलं ते यासाठीही.

एनएसस्विचमध्येही फास असतो. होस्ट्सच्या ओळीत एमडीएनएस४-मिनिमल आणि त्याच्यापुढे चौकटी कंसात नॉटफाउंड-रिटर्न असेल तर कंपनी डॉट लोकल हे दोन भागांचं नाव तिथेच अडकू शकतं, कारण एमडीएनएसने नाही म्हटलं की शोध तिथेच थांबतो. डीसी-१ डॉट कंपनी डॉट लोकल हे तीन भागांचं नाव मात्र त्यातून सुटून पुढे डीएनएसकडे जातं. म्हणून डीसी सापडतो पण डोमेन सापडत नाही असा विचित्र प्रकार दिसतो. ऑफिसात एमडीएनएसने प्रिंटर शोधत नसाल तर तो शब्द आणि कंस काढून टाका. नवीन डोमेन उभं करत असाल तर डॉट लोकल नकोच. स्वतःच्या विकत घेतलेल्या डोमेनखालचं उपडोमेन घ्या, नाहीतर २०२४ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवलेलं डॉट इंटर्नल घ्या.

नाव सापडतं, तरी तिकीट नाही

एसआरव्ही येते, पत्ता येतो, आणि लॉगमध्ये कर्बेरॉस म्हणतो की सर्व्हर डेटाबेसमध्ये सापडला नाही. इथे उलटा शोध बघा: डीसीच्या आयपीवरून नाव विचारा. कर्बेरॉसच्या सेटिंगमध्ये आरडीएनएस चालू असेल तर तो पत्त्यावरून नाव काढून त्याच नावाने तिकीट मागतो. उलट्या झोनमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव राहिलं असेल तर भलत्याच्या नावाने मागणी जाते. झोन साफ करा, किंवा आरडीएनएस फॉल्स करा. मी दोन्ही करतो.

घड्याळही बघून घ्या, ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये चालवून घेत नाही. लाईट जाऊन आल्यावर सीमॉस बॅटरी संपलेली मशीन जुनी तारीख घेऊन उठतात. आणि वेळ दुरुस्त करणारा सर्व्हरही नावानेच शोधला जातो, म्हणजे पुन्हा डीएनएस.

एकाच डिस्कची नक्कल मारून मशीन तयार केली असतील तर होस्टनेम तपासा. एकाच नावाने दुसरं मशीन डोमेनला जोडलं की पहिल्याची कीटॅब (डोमेनला स्वतःची ओळख पटवायच्या किल्ल्यांची फाइल) निकामी होते. नाव १५ अक्षरांत ठेवा.

दुरुस्ती झाली हे कसं कळणार

लॉगिन झालं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही. रीस्टार्टनंतर ते आधीही होत होतं. बिघाड मुद्दाम घडवून बघा. ऑफिस सुटल्यावर डीसीची केबल काढा. एक उबुंटू मशीन रीस्टार्ट करा आणि त्यावर कधीही लॉगिन न केलेल्या माणसाच्या नावाने आयडी कमांड चालवा. असा युजर नाही असं उत्तर येईल, ते अपेक्षितच आहे. करंट डीएनएस सर्व्हरची ओळ बघा. तिथे बाहेरचा कोणी दिसता कामा नये. आता डीसीची केबल घाला, उबुंटूला हात लावू नका. मिनिटभर थांबून डिगने एसआरव्ही विचारा. ती आली पाहिजे. मग एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस चालवा. ऑफलाइन दाखवत असेल तर तो थांबण्याचा काळ मोजतोय. एसएसएसडीच्या सेटिंगमध्ये डोमेनखाली ऑफलाइन-टाइमआउट-मॅक्स ३०० करा, म्हणजे तासाऐवजी पाचेक मिनिटांत तो स्वतःच परत येईल. सेवा रीस्टार्ट करा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या. डीसीची केबल घातल्यानंतर उबुंटूवर काहीही रीस्टार्ट न करता आयडी कमांडचं उत्तर बदललं, की ते मशीन सोडून पुढच्याकडे जा.

ही चाचणी घेण्याआधी त्या मशीनवर सुडोचे अधिकार असलेलं एक लोकल खातं आहे आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला पाठ आहे, एवढं बघून घ्या.